अप्पांचा डावा हात

डावा हात छातीवर ठेवायचा, मान जराशी खाली घालायची आणि मग पळत सुटायचं. अप्पांची बोलिंग अशी सुरू व्हायची. तुम्ही त्या काळात पालमला एखादी मॅच बघितली असेल तर तुम्हाला आठवेल. नव्या बॅट्समनला वाटायचं, हा गडी देवाचं नाव घेऊन येतोय, आता आपलं काही खरं नाही. जुन्या बॅट्समनना मात्र ठाऊक होतं की बॉल बहुतेक लेग साइडला जाणार. तो अडवायला डावीकडं अंग टाकणारा विकेटकीपर म्हणजे मी. माझ्या डाव्या कोपराला अजून एक डाग आहे. कुणी विचारलं तर मी सांगतो, अप्पांची आठवण आहे.

मी तेव्हा पालमच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो. स्टँड म्हणजे काय, एक पत्र्याचं शेड, एक खिडकी आणि खिडकीत चिडलेला मी. समोर अप्पांचं कापडाचं दुकान. वडील लवकर गेले म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच गादीवर बसले, आणि गादीवर बसले म्हणून त्या वयातच सगळ्या गावाचे अप्पा झाले. माझ्याहून लहानच होते, पण मीही त्यांना अप्पाच म्हणायचो. लिंगायत घर. कपाळावर भस्माच्या रेघा, गळ्यात दोऱ्याला अडकवलेली चांदीची डबी आणि तिच्यात लिंग. ते अंगावेगळं करायचं नसतं, झोपतानासुद्धा नाही. खांदे मात्र दुकानदाराचे नव्हते. तागे उचलून उचलून चांगले भरले होते.

आमची ओळखच झाली ती एका गठ्ठ्यामुळं. नांदेडच्या गाडीच्या टपावरून हमालानं न बघता गठ्ठा खाली सोडला आणि खाली एक म्हातारी उभी होती. मी शेजारीच शिट्टी घेऊन उभा होतो, दोन्ही हातांनी गठ्ठा वरच्या वर धरला आणि हमालाला चार शिव्या हासडल्या. तेवढ्यात समोरच्या गादीवरून आवाज आला.

"कंट्रोलर सायेब, विकेटच्या मागं उभं ऱ्हाता का?"

"सवय नाही हो, अप्पा."

"मंग गठ्ठ्याची कुठं हुती?"

पुढच्या रविवारी मी ग्लोव्हज घालून उभा होतो. ग्लोव्हज कसले, आतला कापूस बाहेर आलेला, बोटं एकीकडं आणि खोळ एकीकडं. पण त्या दिवसापासून माझी पालमची बदली मला शिक्षा वाटेनाशी झाली.

चांगला कापडवाला सगळं कापड कात्रीनं कापत नाही, हे तुम्ही बघितलं असेल. काठाला एक चीर देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. कापड आपल्या धाग्यानं सरळ फाटत जातं. अप्पा तो तुकडा डोळ्यांसमोर धरून म्हणायचे, "धाग्यात हाय." मग हे त्यांच्या तोंडी सगळ्यालाच बसलं होतं. भाकरी चांगली भाजली, धाग्यात हाय. परभणीची गाडी वेळेवर सुटली, "कंट्रोलर, आज धाग्यात हाय तुमचं." कुणाच्या घरी भांडण असलं तर आवाज खाली आणून म्हणायचे, "धागा सुटलाय तितं." फक्त त्यांची स्वतःची बोलिंग काही धाग्यात नव्हती.

वेग म्हणाल तर लय होता. शाळेमागच्या काळ्या जमिनीवर आम्ही काथ्याची मॅट खिळ्यांनी ठोकायचो. तिच्यावर टप्पा पडला की बॉल असा उठायचा की पेडगावच्या एका बॅट्समननं एकदा बॅट टाकून दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. पण बोलर सगळ्यात नीट दिसतो तो कीपरला. मला दर बॉलला दिसायचं ते असं. उजवा हात वरून फिरायचा, पण डावा हात शेवटपर्यंत छातीवरच, शर्टावरून ती डबी मुठीत धरलेली. फास्ट बोलरचा पुढचा हात आधी वर जावा लागतो. त्यानं खांदा आडवा होतो, आणि मग खांदा नि कंबर एका रेषेत फिरतात. अप्पांचा मागचा पाय आडवा पडायचा, कंबर आडवी यायची, आणि छाती तेवढी बॅट्समनकडं सताड उघडी. मधल्यामधे पाठ पिळून निघायची. अंग डावीकडं कलंडायचं, पुढचा पाय भलतीकडं पडायचा, आणि बॉल माझ्या कोपराच्या परीक्षेला जायचा.

हे सगळ्या टीमला दिसत होतं. मग सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. ती वर्षं नामांतराची होती. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव मनं फाटलेली, कुणाच्या जातीचं, कुणाच्या देवाचं नाव काढताना माणूस आधी आजूबाजूला बघायचा. आमच्या टीममध्ये सगळ्या गल्ल्यांतली पोरं होती. आमचा दुसरा बोलर बौद्ध वस्तीतला. आसपासच्या गावांतून जाळपोळीच्या बातम्या आल्या तेव्हा तो मैदानावर यायचा बंद झाला. अप्पा दुकान उघडं टाकून सायकलवर त्याच्या घरी गेले, ओट्यावर बसून चहा प्याले, आणि निघताना एवढंच म्हणाले, "रविवारी मॅच हाय." लिंगायत वाण्याच्या पोरानं त्या दिवसांत त्या वस्तीत बसून चहा घेतला, यावरून बाजारात चार दिवस कुजबुज चालली होती. तो बोलर रविवारी आला. तेव्हा अप्पांनी मॅटवर उभं राहून सगळ्यांना नियम घालून दिला होता, "मैदानात मैदानाचंच बोलायचं. जात न्हाई, देव न्हाई." नियम सगळ्यांनी पाळला, आणि त्या नियमानंच आमची तोंडं शिवली गेली. गळ्यातल्या लिंगाविषयी बोलणार कोण?

मग अप्पांची पाठ धरली. आधी बोलिंगनंतर धरायची, मग तागा उचलताना धरायला लागली. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि हे वरच्या फळीकडं नुसतं बघतायत, हात काही वर जात नाही. त्यांच्या घरच्या, आमच्या वहिनी, आतून येऊन तागा काढून द्यायच्या. मी त्यांना गाडीत घालून परभणीला एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर कॉलेजात असताना खेळलेले. त्यांनी अप्पांना दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलिंगची ॲक्शन करायला लावली. बाकीचे पेशंट भिंतीला चिकटून बसले.

"हाड शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण असंच टाकत राहिलात तर राहणार नाही. ॲक्शन बदला, नाहीतर बोलिंग सोडा. पाय सरळ टाका. आणि काय हो, तुमचा डावा हात कुठं असतो?"

"जाग्यावर असतो, सायेब," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी छताचा पंखा बघत होतो.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. मग माझ्याकडं न वळता म्हणाले, "कंट्रोलर, दुकान बाबाचं. नाव आज्याचं. माझं मनून एवढंच हाय बगा." मी त्यांना शेंगदाण्याची पुडी दिली.

दुसऱ्या दिवसापासून ते पायांच्या मागं लागले. उपाय पण कापडवाल्याचाच. पांढऱ्या मांजरपाटाची लांबच लांब पट्टी फाडली, धाग्यावर, आणि मैदानात रनअपपासून स्टंपापर्यंत ताणून अंथरली. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या पट्टीवरून पळायचं. उडी पट्टीवर, मागचा पाय पट्टीवर, पुढचा पाय पट्टीवर आणि त्याचा अंगठा बॅट्समनकडं. पाय कुठं पडला ते पट्टीवर मातीच्या ठशात दिसायचं. अप्पा परत येऊन वाकून ठसा बघायचे, बोटानं पुसायचे आणि पुन्हा पळायचे. पट्टी मळली की वहिनी धुऊन टाकायच्या. दुकानामागं दोरीवर ती वाळत घातलेली असायची आणि येणारी-जाणारी माणसं विचारायची, हे कुणाचं एवढं लांब धोतर?

पाय सुधारले. अगदी नजर लागावी असे सुधारले. पाठ मात्र दुखायची राहिना.

एका सकाळी असंच झालं. आम्ही तिघंच होतो, अप्पा, मी आणि तो दुसरा बोलर. अप्पांनी बॉल टाकला आणि तिथंच मॅटवर खाली बसले, कमरेत हात घालून. चेहरा पांढरा पडला होता. जरा वेळानं उठले आणि पुन्हा वाकून पट्टीवरचा ठसा बघायला लागले. माझं डोकं सटकलं. तुम्हाला सांगतो, मला भांडणारे पॅसेंजर परवडतात, पण चांगला माणूस उगीच हाल काढताना बघवत नाही.

"पायाचं काय घेऊन बसलात, अप्पा? पाय केव्हाचे धाग्यात आलेत. छातीवरचा तो डावा हात सोडा ना. तो वर गेल्याशिवाय पाठ सुटायची नाही तुमची."

दुसरा बोलर एकदम खाली बसून मॅटचा खिळा ठोकायला लागला. तो खिळा चांगला पक्का बसलेला होता.

अप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी नेत न्हाई हो हात. पळालो की त्यो जातो." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी शेतात पळताना त्यांच्या गळ्यातला दोरा तुटला होता. लिंग कुठं पडलं कळेना. त्यांच्यात लिंग हरवलं म्हणजे जीवच हरवला. सगळं घर कापसाच्या रानात वाकून शोधत राहिलं, कुणी पाण्याचा घोट घेतला नाही. वडील बांधावर बसून राहिले, कुणाशी बोलेनात. दिवस कलल्यावर अव्वाला, म्हणजे अप्पांच्या आईला, ते एका झाडाच्या बुडाशी सापडलं.

"बाबा मला काईच बोलले न्हाईत," अप्पा म्हणाले. "मारलं असतं तर इसरलो असतो. आता हात सोडन्यापरीस खेळ सोडलेला बरा, कंट्रोलर."

त्यांनी पट्टी गुंडाळली, काखेत घातली आणि गेले.

त्यानंतर दोन रविवार ते मैदानावर आले नाहीत. दुकानात गेलो की चहा यायचा, पान यायचं, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं. क्रिकेटचं अवाक्षर नाही. पट्टी घडी घालून फळीवर ठेवलेली दिसायची. आमच्या पोरांची प्रॅक्टिसची हाकाटी शाळेमागून ऐकू आली की ते उगीचच एखादा तागा उलगडून पुन्हा गुंडाळायचे.

मग एक दिवस दुपारच्या गाड्या गेल्यावर वहिनी स्टँडच्या खिडकीशी आल्या. त्या कधी रस्ता ओलांडून यायच्या नाहीत.

"भावजी, जरा मागल्या दारानं येता का? अव्वा बोलवायल्यात. ह्यांना नका सांगू."

मागच्या अंगणात अव्वा बाजेवर बसल्या होत्या. पुढ्यात मांजरपाटाची एक बंडी, सुईदोरा लावलेली. अव्वांनी मला समोर उभं केलं.

"त्यो बोलिंग कशी करतोय ती करून दाव."

आता मी विकेटकीपर. पण अव्वांना नाही कोण म्हणणार? मी अंगणाच्या टोकापासून तुळशीपर्यंत पळत आलो, डावा हात छातीवर, उजवा हात गरगरा. तुळशीजवळ तोल गेला आणि पाण्याच्या घागरीवर आपटलो. वहिनींनी पदर तोंडाला लावला. अव्वा हसल्या नाहीत.

"असा पळतोय व्हय माझा लेक? मंग कंबर दुखंल न्हाई तर काय हुईल?"

वहिनींना सगळं माहीत होतं. नवऱ्याच्या पाठीला रोज तेल चोळणाऱ्या बाईला कळणार नाही तर कुणाला? बंडी त्यांनीच शिवली होती, अंगाला घट्ट बसणारी, आणि आतल्या बाजूनं छातीवर एक खिसा, दुहेरी शिवणीचा, वर बटन. डबी दोऱ्यासकट त्या खिशात. पळा, उडी मारा, हलायची नाही. अव्वा स्वतः मठात जाऊन स्वामींना विचारून आल्या होत्या. स्वामींनी सांगितलं होतं, अंगाला लागून असलं म्हणजे झालं, हातानं धरलंच पाहिजे असं कुठं आहे?

संध्याकाळी अव्वांनी लेकाला समोर बसवून बंडी अंगात घातली आणि बटन लावलं. अप्पा लहान पोरासारखे हात वर करून बसले होते.

"अन् तुटलं तर, अव्वा?"

"मागल्या बारीला सापडलं कुनाला?" अव्वा म्हणाल्या. "मला. मी हाय अजून."

सवय एवढ्यानं जाते होय? दुसऱ्या सकाळी घरामागच्या बोळात अप्पा पळाले आणि हात गेलाच छातीवर. पुन्हा पळाले, पुन्हा गेला. मी ग्लोव्हज घालून बोळाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला. माझ्या मागं घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि त्याच्यावर अव्वा अंगाभोवती धाबळी गुंडाळून बसलेल्या. चार-पाच वेळा बघितल्यावर त्यांनी वरूनच हाक मारली.

"ए, खाली काय बघायलास? हिकडं बघ. माज्याकडं हात कर."

अप्पांनी वर बघितलं. पळाले. आणि डावा हात छातीवरून सुटला आणि वर गेला, सरळ आईकडं. खांदा आडवा झाला, डोकं वर राहिलं, पुढचा पाय सरळ पडला, आणि बॉल माझ्या दोन्ही ग्लोव्हजमध्ये असा बसला की बोटांना मुंग्या आल्या. मी कुठं हललोसुद्धा नव्हतो. अप्पा तिथंच उभे राहून स्वतःचा हात बघत होते.

पुढं रोज सकाळी अव्वा माळवदावर जपमाळ घेऊन बसायच्या आणि लेक खालून त्यांच्याकडं हात करून बोलिंग टाकायचा. गल्लीतली माणसं चहाची कपबशी घेऊन बघायला यायची. अव्वांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. हात खाली राहिला की त्या माळ थांबवायच्या, एवढंच.

पिंगळीच्या टीमबरोबर मॅच ठरली. मैदान तिथल्या स्टेशनमागं. पहिलीच ओव्हर अप्पांची. आम्ही सगळे आपापल्या जागी गेलो, पण लक्ष बॅट्समनकडं कुणाचंच नव्हतं. अप्पांनी नेहमीसारखा डावा हात छातीवर ठेवला, मान खाली घातली. मी मागं वळून बघितलं तर तिथं माळवद कुठलं, रेल्वेची पाण्याची टाकी होती. अप्पा पळाले. अर्ध्या वाटेवर हात सुटला. मग वर गेला, टाकीच्याही वर कुठंतरी. बॉल बॅटच्या कडेजवळून आला आणि छातीएवढ्या उंचीवर माझ्या हातात थांबला. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. तो दुसरा बोलर मिड ऑफला उभा होता, त्यानं टोपी काढून डोळे पुसले आणि पुन्हा घातली.

अप्पा माझ्यापर्यंत चालत आले. "कुठं गेला, कंट्रोलर?"

"धाग्यात," मी म्हणालो.

मॅच आम्ही हरलो. बॅटिंगमध्ये आमची माती झाली, आणि मी स्वतः रनआउट झालो, त्यावर अप्पांनी पुढं वर्षभर मला छळलं. पण परतीच्या गाडीत ते सीटवर ताठ बसले होते. मधेच मागं हात नेऊन कमरेला दाबून बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. "न्हाई दुखायलं," म्हणाले, आणि सगळ्या टीमसमोर रडले. कंडक्टर माझ्या ओळखीचा होता, त्यानं तिकिटं मागायची तेवढी लांबवली.

मग पुष्कळ वर्षं ते टाकत होते. केस पिकल्यावर पोरांना शिकवायला लागले. तीच मांजरपाटाची पट्टी, तेच "पाय धाग्यात आन, मंग येगाचं बघू." सगळ्या गल्ल्यांतली पोरं त्या एका पट्टीवरून पळायची. विद्यापीठाचं नाव अखेर बदललं त्याच्या आसपास माझी बदली झाली. अप्पांनी स्टँडवर येऊन मला शर्टाचं कापड दिलं आणि गाडी सोडायची शिट्टी त्यांनीच वाजवली, माझ्या गळ्यातली काढून घेऊन.

त्यानंतर किती वर्षांनी असेल, पालमच्या एका ड्रायव्हरनं मला निरोप सांगितला. अप्पा झोपेतच गेले होते. मी मिळेल ती गाडी धरून गेलो.

दुकानाच्या ओट्यावर त्यांना भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. त्यांच्यात तसं बसवूनच नेतात. कपाळभर भस्म, गळ्यात फुलं. गर्दीत तो दुसरा बोलर होता, त्याच्या घरची सगळी होती, आणि पट्टीवरून पळालेली पोरं होती. मला पुढं जागा करून दिली. मी समोर बसलो, उकिडवा, विकेटच्या मागं बसायचो तसा. दुसरं कसं बसावं ते मला सुचलं नाही.

वहिनींनी पुढं होऊन बंडीच्या खिशाचं बटन काढलं आणि लिंग जंगम स्वामींच्या हातात दिलं. स्वामींनी ते अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. शेवटी तिथंच ठेवायचं असतं. पण बोटं मिटेनात. हात मांडीवरून खाली घसरायला लागला.

तेव्हा अव्वा उठल्या. पार वाकल्या होत्या, दोघींनी धरून आणलं. त्यांनी लेकाची बोटं एकेक करून मिटवली, ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि त्याच्या छातीशी नेऊन टेकवली.

"धर आता, बाबा," अव्वा म्हणाल्या. "घट्ट धर. आता कुठं पळायचं हाय तुला."